खोल किडलेला दात, वाचवलेली नस आणि मधलं औषध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कीड नसेजवळ पोचली आहे, पण नस वाचवून बघू," असं ऐकून आलेला माणूस बहुतेक वेळा एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो: आत भरायला सगळ्यात चांगलं औषध कोणतं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर खाली सविस्तर दिलं आहे. मात्र दंतवैद्य म्हणून असे दात हाताळताना मला वारंवार जाणवलेली गोष्ट आधी सांगते. औषधाची निवड महत्त्वाची आहेच, पण नस कोणत्या अवस्थेत आहे, कीड किती काढली आणि वरचं फिलिंग किती घट्ट बसलं, यांवर दाताचं भवितव्य जास्त अवलंबून असतं. म्हणून औषधांकडे जाण्याआधी सुरुवातीचे चार-पाच प्रश्न वाचावेत ही विनंती.

दाताची "नस" म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण नस म्हणतो, पण दाताच्या पोकळीत एकटी नस नसते. रक्तवाहिन्या, चेतातंतू, निरनिराळ्या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ भाग असं सगळं तिथे नांदत असतं. त्याला पल्प किंवा दंतमज्जा म्हणतात. पल्पच्या कडेने ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशींची रांग असते. दाताच्या पांढऱ्या कवचाखाली जो पिवळसर, जाड थर असतो, तो डेंटिन याच पेशींनी घडवलेला असतो. डेंटिन वरून भरीव दिसतो, पण त्यात हजारो बारीक नलिका असतात आणि त्या पल्पकडे जातात. पल्पच्या जवळ या नलिका दाट आणि रुंद होत जातात. त्यामुळे वरवरची कीड महिनोन् महिने काही त्रास देत नाही, आणि खोल गेलेली कीड मात्र थंड पाण्याच्या घोटालाही कळ काढते.

पल्प मुकाट्याने सोसत नाही. कीड जवळ येतेय हे कळताच तो आतून नवा डेंटिन घालून भिंत जाड करायला लागतो. या पानावरच्या सगळ्या औषधांचं काम एवढंच, की त्याच्या या धडपडीला उसंत आणि आधार मिळावा.

रूट कॅनाल करून मोकळं व्हावं, नस वाचवायचा एवढा खटाटोप कशाला?

रूट कॅनाल हा चांगला उपचार आहे आणि गरज असेल तिथे तो करायलाच हवा. पण पल्प जिवंत असलेला दात चावताना पडणारा दाब ओळखतो, जंतू आले तर प्रतिकार करतो, नवी कीड लागली तर दुखून खबर देतो. पल्प काढल्यावर हे सगळं जातं. शिवाय मुळांपर्यंत पोचायला दात बराच कोरावा लागतो, त्यामुळे तो कमजोर होतो.

कोवळ्या वयात तर हा मुद्दा फारच मोठा आहे. दात तोंडात दिसू लागल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत मुळाशी अपुरीच असते. त्या काळात पल्प मेला तर मूळ आखूड आणि पातळ भिंतींचंच राहतं. अशा मुलाची नस वाचवणं म्हणजे त्या दाताचं पुढचं आयुष्य वाचवणं आहे.

"खोल कीड" कधी म्हणतात?

युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोन्टॉलॉजी या संस्थेने २०१९ मध्ये यासाठी दोन पायऱ्या सांगितल्या. एक्स-रेमध्ये कीड डेंटिनच्या सर्वात आतल्या चतुर्थांशात पोचलेली दिसते, पण ती आणि पल्प यांच्यामध्ये चांगल्या डेंटिनचा पट्टा शिल्लक आहे, ती खोल कीड. डेंटिनची सगळी जाडी पार झालेली दिसते, मध्ये पट्टाच उरलेला नाही, ती अतिखोल कीड. पहिल्या प्रकारात नस उघडी न पाडता काम करता येतं. दुसऱ्या प्रकारात ती उघडी पडणार हे गृहीत धरून तयारीनेच बसावं लागतं.

नस वाचण्याजोगी आहे हे कशावरून ठरवता?

सगळ्यात आधी दुखण्याची हकिगत ऐकून. थंड लागलं की कळ येते आणि थंड दूर झालं की काही क्षणांत थांबते, हे आशेचं लक्षण. थंड किंवा गरम लागल्यावर बराच वेळ ठणका राहतो, काही न खाता-पिता आपोआप दुखायला लागतं, रात्री झोपमोड होते, यावरून आतली सूज वाढल्याचं कळतं. मग दातावर थंड लावून चाचणी करतात, दात ठोकून बघतात, हिरडीवर सूज किंवा पू आहे का पाहतात, आणि मुळाच्या टोकाशी काळसर डाग आहे का हे एक्स-रेमध्ये तपासतात. थंडाला काहीच प्रतिसाद नाही आणि मुळाशी डाग आहे, अशा दातात नस झाकायचं कोणतंही औषध कामाचं नाही.

ही लक्षणं कितपत विश्वासाची? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९५ दातांची लक्षणं आधी नोंदवली आणि नंतर त्यांचा पल्प सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांचा पल्प निरोगी किंवा बरा होण्यासारखा वाटला होता, त्यांत निदान ९६.६ टक्के वेळा बरोबर निघालं. ज्यांचा बरा न होण्यासारखा वाटला, त्यांत ८४.४ टक्के वेळा. म्हणजे "आता काही होणार नाही" असं वाटणाऱ्या दातांपैकी काहींमध्ये अजून जीव होता. ही बाब माझ्या मनात पक्की बसली आहे.

सगळी कीड काढणार नाही म्हणता? मग ती आत वाढणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यामागची भीती मला समजते. शिकत असताना आम्हालाही कीड शेवटच्या कणापर्यंत खरवडायला शिकवलं होतं. त्या हट्टापायी किती तरी नसा विनाकारण उघड्या पडल्या.

कीड जगते ती जंतूंवर, आणि जंतू जगतात ते बाहेरून मिळणाऱ्या साखरेवर. वरचं झाकण घट्ट बसलं की त्यांची रसद तुटते. आत उरलेले जंतू कमी होत जातात आणि मऊ झालेला डेंटिन हळूहळू कोरडा, टणक होतो. म्हणून आता खड्ड्याचे दोन भाग समजून काम करतात. कडेच्या भिंती पूर्ण टणक आणि स्वच्छ, कारण फिलिंग तिथेच चिकटणार आणि गळती तिथूनच होणार. तळाशी, नसेच्या अगदी वर, मऊसर किंवा चामड्यासारखा चिवट थर जाणूनबुजून ठेवायचा. कीडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये डेंटिनच्या या अवस्थांना मऊ, चिवट, घट्ट आणि टणक अशी नावं देऊन हीच पद्धत मांडली.

डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३१४ रुग्ण होते. एका गटात सगळी कीड एकदम काढली, दुसऱ्यात दोन टप्प्यांत. एकदम काढली तिथे २८.९ टक्के दातांची नस उघडी पडली, टप्प्यांत काढली तिथे १७.५ टक्के. वर्षभराने नस शाबूत असलेले दात अनुक्रमे ६२.४ आणि ७४.१ टक्के.

पुढे ब्राझीलमधल्या चाचणीने आणखी एक पायरी गाळली. तळाची कीड ठेवून एकाच बैठकीत कायमचं फिलिंग केलेल्या दातांपैकी ८० टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, तर दोन टप्प्यांच्या गटात ५६ टक्के. दुसऱ्या गटाचं नुकसान झालं त्याचं एक मोठं कारण साधं होतं: बरेच रुग्ण दुसऱ्या टप्प्यासाठी परत आलेच नाहीत आणि तात्पुरत्या फिलिंगवरच राहिले.

नस उघडी पडली नसेल तर तळाला कोणतं औषध चांगलं?

इथे माझं स्पष्ट मत आहे: जे लावाल त्याने फार मोठा फरक पडत नाही. पल्पवर अर्धा मिलिमीटर जरी डेंटिन शिल्लक असेल तरी तोच सर्वात उत्तम संरक्षक थर असतो. माणसाने बनवलेलं कोणतंही सिमेंट त्याची सर करू शकत नाही. त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ लेप, ग्लास आयोनोमर, एमटीए किंवा बायोडेंटिन (ही सगळी दातात भरायची औषधं, प्रत्येकाची ओळख पुढे येईल), कशानेही निभावतं. मी स्वतः बहुतेक वेळा ग्लास आयोनोमर वापरते, आणि डेंटिन फारच पातळ उरला असेल, गुलाबी छटा दिसत असेल, तर बायोडेंटिन.

खरी तुलना सुरू होते ती नस उघडी पडल्यावर. तिथे औषध थेट जिवंत पेशींवर बसतं आणि तिथे निवडीने फरक पडतो.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड इतकी वर्षं चाललं, मग आता त्याला मागे का टाकलं?

उघड्या नसेवर काहीतरी ठेवून ती वाचवायचा विचार जुना आहे. १७५६ मध्ये जर्मन दंतवैद्य फिलिप फाफ यांनी त्यासाठी सोन्याचा पातळ पत्रा वापरल्याची नोंद आहे. पण खरा बदल केला तो कॅल्शियम हायड्रॉक्साइडने. १९२० मध्ये हर्मन यांनी ते दंतोपचारात आणलं, आणि पुढची सात-आठ दशकं तेच प्रमाण मानलं गेलं.

त्याचं बळ त्याच्या क्षारतेत आहे. सामू साधारण १२.५. एवढ्या क्षारतेत जंतू टिकत नाहीत. नसेचा वरचा सूक्ष्म थर भाजल्यासारखा होतो आणि त्याच्या खाली डेंटिनचा नवा पूल बांधायला पेशी सरसावतात. डेंटिनमध्ये अडकून पडलेली वाढीची प्रथिनंही त्याने मोकळी होतात आणि पेशींना निरोप देतात.

दोष तीन. ते दाताला चिकटत नाही. ते कच्चं असतं, दाबाखाली चुरा होतो. आणि ओलावा पोचला की विरघळत जातं. जुनं फिलिंग काढल्यावर खाली औषधाच्या जागी नुसती पोकळी आणि थोडा भुगा मिळतो, हे आम्ही अनेकदा पाहतो. त्यात भर म्हणजे त्याखाली बनलेला पूल भरीव नसतो. १९९६ मधल्या एका अभ्यासात तपासलेल्या पुलांपैकी ८९ टक्क्यांमध्ये बोगद्यांसारखी छिद्रं सापडली. वरचं औषध विरघळलं आणि फिलिंग गळायला लागलं की त्याच बोगद्यांतून जंतू थेट पल्पवर उतरतात.

एमटीए म्हणजे काय?

पूर्ण नाव मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट. अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी ते विकसित केलं, आणि १९९३ मध्ये त्याबद्दलचा पहिला शोधनिबंध आला. मुळाला पडलेलं छिद्र बुजवणं हा सुरुवातीचा हेतू होता. नसेवर लावायला ते पुढे वापरात आलं.

त्याचा तीन-चतुर्थांश भाग पोर्टलँड सिमेंटच्या जातीचा आहे. सुमारे २० टक्के बिस्मथ ऑक्साइड असतं, एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून, आणि उरलेलं जिप्सम. पाण्याशी संयोग झाला की ते घट्ट होतं, त्यामुळे ओलसर जागेत, जिथे इतर सिमेंटं हात टेकतात, तिथे ते व्यवस्थित बसतं. घट्ट होताना त्यातून काय बाहेर पडतं, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच! म्हणजे जुन्या औषधाचा गुण यात आहेच, शिवाय विरघळून न जाणारं शरीरही आहे. त्याखाली तयार होणारा पूल जास्त जाड, जास्त एकसंध असतो आणि पल्पमध्ये सूज कमी दिसते.

अडचणीही खऱ्या आहेत. कालवल्यावर ते ओल्या वाळूसारखं होतं, नेमक्या जागी बसवायला हात सरावलेला लागतो. मूळ स्वरूपात घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात. आणि दाताचा रंग बदलतो. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पोर्टलँड सिमेंट? म्हणजे बांधकामाचंच दातात भरता?

रसायन जवळचं आहे, पण वस्तू तीच नाही. बांधकामाच्या सिमेंटमध्ये जड धातूंची भेसळ असू शकते, कण जाडेभरडे असतात, ते निर्जंतुक नसतं आणि एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही. दातासाठीची भुकटी शुद्ध केलेली, बारीक केलेली आणि तपासलेली असते.

बायोडेंटिन आणि एमटीए यांत सरस कोणतं?

बायोडेंटिन त्याच घराण्यातलं पुढचं औषध. सेप्टोडोंट कंपनीने ते २००९ च्या सुमारास आणलं. मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट, आणि बिस्मथच्या जागी झिर्कोनियम ऑक्साइड. द्रवात कॅल्शियम क्लोराइड असल्याने ते साधारण १२ मिनिटांत घट्ट होतं. भुकटीच्या कॅप्सूलमध्ये द्रवाचे थेंब मोजून टाकायचे आणि यंत्रात ३० सेकंद घुसळायचं. ताकद डेंटिनच्या जवळपास असल्याने नसेवर लावून तेच वरपर्यंत भरता येतं, आणि काही महिन्यांपुरतं तात्पुरतं फिलिंग म्हणूनही ते टिकतं.

नस वाचण्याच्या प्रमाणात दोघांमध्ये ठळक फरक आढळलेला नाही. म्हणून निवड सोयीवर आणि जागेवर होते. समोरचा दात असेल तर बायोडेंटिन, कारण रंगाची भीती नाही. एकाच बैठकीत काम संपवायचं असेल तर बायोडेंटिन. एमटीएच्या बाजूने बोलायचं तर त्याचा अनुभव आणि अभ्यास जास्त वर्षांचा आहे, आणि एक्स-रेमध्ये ते ठसठशीत दिसतं. बायोडेंटिन डेंटिनसारखंच फिकट दिसतं, त्यामुळे पुढे दुसऱ्या दंतवैद्याला वाटू शकतं की आत काही भरलेलंच नाही. आपल्या दातात काय भरलं हे कागदावर लिहून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते ते याचसाठी.

तुमच्या दंतवैद्याचा एमटीएवर हात बसलेला असेल, तर बायोडेंटिनचा आग्रह धरून बसू नका. आणि उलटही.

प्रकाशाने लगेच घट्ट होणारी औषधं मिळतात, ती का नकोत?

थेराकॅल एलसी हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. त्यात कॅल्शियम सिलिकेटबरोबर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, असतो आणि निळा प्रकाश टाकला की काही सेकंदांत ते घट्ट होतं. डेंटिन शिल्लक असेल तर वापरायला हरकत नाही, काम झटपट होतं. थेट उघड्या नसेवर मात्र मी ते लावत नाही. पूर्ण घट्ट न झालेल्या रेझिनचे रेणू पेशींना त्रासदायक ठरतात, आणि तिथे एमटीए किंवा बायोडेंटिनइतके चांगले परिणाम त्याने दिलेले नाहीत.

हीच गोष्ट बॉन्डिंगची. एके काळी उघड्या नसेवर थेट बॉन्डिंग (फिलिंग दाताला चिकटवणारा द्रव) आणि त्यावर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) असा प्रवाह आला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशा वाटली, माणसांच्या दातांत मात्र सूज रेंगाळली आणि पूल बनला नाही. तो मार्ग सोडलेलाच बरा.

ग्लास आयोनोमर कुठे बसतं या सगळ्यात?

लंडनमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९ मध्ये शोधलेलं हे सिमेंट दाताला रासायनिक बंधाने चिकटतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. झाकण म्हणून उत्तम. डेंटिनवर लावायला उत्तम. थेट पल्पवर लावायचं औषध ते नाही, कारण त्याखाली पूल बनत नाही. एमटीए किंवा बायोडेंटिन लावल्यावर त्यावर ग्लास आयोनोमरचा थर, आणि वर कायमचं फिलिंग, ही जोडी मात्र छान जमते.

लवंगेच्या तेलाचं सिमेंट?

झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचं हे सिमेंट ठणका शांत करतं, जंतूंनाही रोखतं. डेंटिनचा थर मध्ये असेल तर तात्पुरतं म्हणून चांगलं. उघड्या नसेवर युजेनॉल पेशी मारतं. शिवाय त्यावर कॉम्पोझिट नीट घट्ट होत नाही, तेव्हा पुढे कॉम्पोझिट भरायचं असेल तर आधीच विचार करावा.

नस उघडी पडलीच, तर दंतवैद्य नेमकं काय करतात?

पहिली अट म्हणजे रबर डॅम. दाताभोवती रबरी पडदा लावल्याने लाळ आत येत नाही. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर केलेला प्रयोग आजही आम्हाला मार्ग दाखवतो. सर्वसाधारण उंदरांच्या दाताची नस उघडी पाडली तर ती सडली. जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची नस तशीच उघडी पाडली, कोणतंही औषध लावलं नाही, तोंडातलं अन्न आत जात राहिलं, तरी तिच्यावर डेंटिनचा पूल तयार झाला. पल्प बरा व्हायला तयारच असतो, त्याला आडवे येतात ते जंतू.

त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइडमध्ये भिजवलेला कापूस नसेवर हलक्या हाताने धरतात. यात जंतू मरतात आणि रक्त थांबतं. रक्त किती वेळात थांबतं, याकडे मी सर्वात जास्त लक्ष देते. पाचेक मिनिटांत थांबलं तर सूज वरवरची आहे, औषध लावून झाकता येतं. थांबत नसेल तर वरचा दोन-तीन मिलिमीटर पल्प पाण्याच्या फवाऱ्याखाली तीक्ष्ण बरने (दात कोरायच्या यंत्राच्या फिरत्या टोकाने) काढून पुन्हा बघायचं. त्याला आंशिक पल्पोटॉमी म्हणतात. तरीही वाहत राहिलं तर मुळांच्या तोंडापर्यंतचा सगळा पल्प काढून, मुळातला जिवंत ठेवून, त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिन भरतात. पूर्वी ज्या दातांना थेट रूट कॅनाल सांगितलं जायचं, अशा वयस्कांच्या दाढांमध्येही हा शेवटचा उपाय आता चांगला ठरतो आहे.

मार लागून समोरचा दात तुटला आणि नस उघडी पडली, तर गोष्ट आणखी आशादायक असते, कारण तिथे आधीची कीड आणि सूज नसते. १९७८ मध्ये त्सवेक यांनी अशा ६० दातांवर आंशिक पल्पोटॉमी केली आणि ९६ टक्के बरे झाले. तेही जुन्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने.

आकड्यांत सांगा, कोणत्या औषधाने किती दात वाचतात?

सर्वांत उपयोगी तुलना २०१३ ची, अमेरिकेतल्या नेहमीच्या दवाखान्यांत झालेली. ३७६ रुग्ण, उघड्या नसेवर कुणाला कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कुणाला एमटीए हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. दोन वर्षांत अपयशाचा अंदाज कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये ३१.५ टक्के, एमटीएमध्ये १९.७ टक्के. म्हणजे शंभरातले बारा-एक दात निव्वळ औषध बदलल्याने वाचले. मला हा फरक लहान वाटत नाही.

पण दोन टोकं शेजारी ठेवून बघा. वर उल्लेख केलेल्या २०१० च्या चाचणीत किडीमुळे उघडी पडलेली नस कॅल्शियम हायड्रॉक्साइडने झाकली, त्यातल्या फक्त ३१.८ टक्के दातांत ती वाचली. उलट २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काळजीपूर्वक निवडलेल्या ४९ दातांत एमटीए वापरून जवळजवळ ९८ टक्के यश मिळालं, आणि तेही नऊ वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात. एवढी मोठी दरी एकट्या औषधाने पडत नाही. कोणते दात निवडले, जंतू किती कसोशीने दूर ठेवले, वर काय आणि किती लवकर भरलं, हे सगळं त्यात आहे.

कायमचं फिलिंग पुढच्या महिन्यात केलं तर चालेल?

नस उघडी पडली असेल तर नको. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नस झाकलेल्या १२३ दातांचा पाच आणि दहा वर्षांनी आढावा घेतला. पहिल्या दोन दिवसांत कायमचं फिलिंग झालं होतं ते दात स्पष्टपणे जास्त टिकले. तात्पुरतं फिलिंग झिजतं, कडेने गळतं, आणि त्या फटीतून आत गेलेल्या जंतूंपुढे कोणतंही औषध फार काळ उभं राहत नाही. पूर्वी त्याच बैठकीत काम पूर्ण करणं अवघड होतं, कारण एमटीए घट्ट व्हायची वाट बघावी लागे. लवकर घट्ट होणाऱ्या औषधांचा सर्वात मोठा फायदा मला इथेच दिसतो.

दात काळा पडेल का?

मूळच्या एमटीएने पडू शकतो. त्यातलं बिस्मथ ऑक्साइड रक्ताच्या किंवा सोडियम हायपोक्लोराइडच्या संपर्कात आलं की करडा-काळपट रंग येतो. पांढरं एमटीए आलं तरी हा दोष पूर्ण गेला नाही. दाढेत कुणाला दिसणार नाही, पण समोरच्या दातात बिस्मथ नसलेलंच औषध मागा.

"कॅप" बसवणार म्हणाले, म्हणजे हेच का?

नाही, आणि या शब्दाने फार घोटाळा होतो. नसेवर औषध लावण्याला पल्प कॅपिंग म्हणतात. तुम्ही ज्याला कॅप म्हणता तो दातावर बाहेरून बसवायचा मुकुट. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत, एकाच दाताला दोन्हीही लागू शकतात.

दुधाच्या दातांना हेच औषध चालतं?

दुधाच्या दातात नस उघडी न पाडता तळाची कीड ठेवून झाकणं सर्वात चांगलं, आणि बऱ्याचदा त्यावर स्टीलचा तयार मुकुट बसवतात. किडीमुळे नस उघडी पडली असेल तर फक्त औषध लावून झाकणं दुधाच्या दातात भरवशाचं नाही. वरचा पल्प काढून एमटीए किंवा बायोडेंटिन भरतात. पूर्वी यासाठी फॉर्मोक्रेसॉल वापरायचे. त्यातल्या फॉर्माल्डिहाइडबद्दलच्या चिंतेमुळे आणि आता त्याहून चांगली औषधं हाताशी असल्यामुळे मी ते वापरत नाही.

माझं वय साठ आहे. आता नस वाचवण्यात अर्थ आहे का?

आहे. वयाबरोबर पल्प अरुंद होतो, त्यातल्या पेशी आणि रक्तपुरवठा कमी होतो, हे खरं. पण फक्त वय बघून नकार द्यायचं कारण नाही. आणि एक व्यावहारिक बाजूही आहे: या वयात मुळांच्या वाटा चिंचोळ्या झालेल्या असतात, त्यामुळे रूट कॅनालही कठीण जातं. थंडाची कळ लगेच थांबत असेल आणि मुळाशी डाग नसेल, तर प्रयत्न जरूर करावा.

उपचारानंतर दुखतंय. अपयश आलं का?

पहिले काही दिवस थंड लागलं की हलकी कळ येणं स्वाभाविक आहे, ती दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. उलट ती वाढत चालली, रात्री ठणकून जाग येऊ लागली, चावताना दात उंच लागतोय किंवा हिरडीवर फोड आलाय असं वाटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. कधी कधी फक्त फिलिंग किंचित उंच राहिलेलं असतं आणि घासून बरोबर केलं की भागतं.

काहीच दुखत नसलं तरीही सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढची काही वर्षं दर वर्षी तपासणी हवी, थंडाच्या चाचणीसह आणि एक्स-रेसह. पल्प कधी कधी आवाज न करता मरतो. दुखणं थांबलं म्हणून खूश झालेल्या माणसाच्या मुळाशी डाग वाढत असतो आणि तो फक्त एक्स-रेमध्येच दिसतो. कोवळ्या दातात याच एक्स-रेमध्ये मूळ लांब होताना, त्याच्या भिंती जाड होताना आणि टोक मिटत जाताना दिसतं.